चित्रातलं कुलूप

माझी भाची अबोली बेचैन झाली की घरातल्या वस्तूंवर संक्रांत येते. एकदा तिने तुरीच्या डाळीचा अख्खा डबा उपसून निवडला होता, डाळ आधीच निवडलेली होती तरी. एकदा गच्चीवरच्या कुंड्या सकाळी पूर्वेकडून पश्चिमेला नेल्या आणि संध्याकाळी जागच्या जागी आणून ठेवल्या. यंदा दिवाळी झाल्यावर तिने घरातली सगळी कुलपं काढली. दाराचं, कपाटाचं, सायकलचं, माझ्या ट्रंकेचं. अंगणात वर्तमानपत्र पसरून एकेकात खोबरेल तेल सोडायचं, किल्ली फिरवायची, उघडायचं, पुन्हा लावायचं. सकाळी नऊ ते अकरा हाच उद्योग.

"चोराला त्रास नको म्हणून करतेस का गं हे?" मी विचारलं.

ती हसली नाही. तेव्हाच मी समजले, प्रकरण डाळीपेक्षा मोठं आहे.

मी गंगूताई. हिंगोलीतल्या एका शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं कारकुनी केली, आता निवृत्त आहे. जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात, आणि लोक खोटं बोलत नाहीत. अबोली माझ्या भावाची मुलगी. नांदेडला शिकली, पुण्यात चार वर्षं नोकरी केली, मग सहा वर्षांपूर्वी एक दिवस दोन बॅगा घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "आत्या, तिकडे जे करते तेच इथे बसून करता येतं," म्हणाली. ते खरं निघालं. वरच्या खोलीत बसून ती पुण्याच्या कंपनीचं काम करते. गल्लीला वाटतं ती ऑनलाइन फॉर्म भरते. पीकविम्याचे कागद घेऊन माणसं येतात, आणि ती भरूनही देते, कारण तिला नाही म्हणता येत नाही. हा गुण आमच्या घराण्यात फक्त तिच्यात आहे.

पण तिचं खरं काम वेगळं. त्याचा पगार नाही. त्याचं नाव 'सांगावा'.

सांगावा म्हणजे वेबमेल, ईमेल वाचायची-लिहायची खिडकी, सगळी मराठीत. बावीस वर्षांची असताना अबोलीने आणि तिच्या तीन सोबत्यांनी ती तयार केली. ज्याला पाहिजे त्याने फुकट घ्यावी आणि आपल्या सर्व्हरवर लावावी. शाळा, वाचनालयं, छोट्या संस्था, अशा पुष्कळांनी लावली. किती, ते तिलाही माहीत नाही. नागपूरचा पुष्कर तिचा त्यातला जोडीदार. बाकीच्या दोघांना मी पाहिलेलं नाही.

मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही असं म्हणायची सोय आता राहिली नाही. त्या महिन्यात एवढं ऐकलं की थोडं कळायलाच लागलं. तर ते असं. तुम्ही पासवर्ड टाकता. सांगाव्याला तो टपालाच्या मूळ सर्व्हरला दाखवावा लागतो, आणि एकदाच नाही, प्रत्येक पत्र उघडताना. दर वेळी तुम्हाला विचारत बसलं तर तुम्ही वैतागून उठाल. म्हणून तुमचं काम चालू असेपर्यंत सांगावा तो पासवर्ड स्वतःजवळ एका फाइलमध्ये ठेवतो. प्रश्न एवढाच, की ठेवतो कसा. सर्व्हरवर एन्क्रिप्शनचं एक्स्टेन्शन म्हणून एक जोड बसवता येतो. तो असेल तर पासवर्ड नीट कुलपात जातो. अर्धी किल्ली सर्व्हरवर, अर्धी तुमच्या फोनमध्ये. नुसती फाइल कुणाच्या हाती लागली तर त्यात भुसा. पण तो जोड नसला तरी सांगावा चालायचा. तेव्हा अबोलीने लिहिलेली एक जुजबी युक्ती चालायची, अक्षरांची उलटापालट. आणि ती उलटापालट सुलट करायची किल्ली त्याच फोल्डरमध्ये.

हे तिने मला तिसऱ्यांदा समजावलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे देवाच्या पेटीसारखं. पेटीला कुलूप आणि किल्ली कोनाड्यात."

आमच्या घराण्याकडे नरसीच्या रस्त्यावरच्या एका लहान देवळाची पूजा होती. माझे वडील राधाकृष्णबुवा ती करायचे. देवाचे चांदीचे डोळे, मुकुट, दोन वस्त्रं एका लाकडी पेटीत असत. पेटीला हे एवढं पितळी कुलूप, आणि किल्ली समईच्या कोनाड्यात, तेलाने माखलेली. बुवा आजारी पडले, बाहेर गेले, तरी देवाचं अडू नये म्हणून. सगळ्या गावाला ते माहीत होतं. कधी काही गेलं नाही.

अबोली म्हणाली, "तेच. गावाला माहीत होतं."

पुष्करचं म्हणणं होतं की पुढच्या आवृत्तीत सक्ती करावी. सर्व्हरवर एक्स्टेन्शन नसेल तर सांगाव्याने चालूच होऊ नये. उरलेल्या दोघांतला एक त्याच्या बाजूचा, एक विरुद्ध. निर्णय अबोलीवर आला, कारण तो भाग तिने लिहिलेला. आणि अबोली सक्तीच्या विरुद्ध होती, ठाम. आपल्याकडे संस्था स्वस्तातल्या सर्व्हरवर असतात, तिथे स्वतःहून काही बसवायचा हक्क त्यांना नसतो. सर्व्हरच्या मालकाच्या हातापाया पडावं लागतं, आणि मालक ढिम्म. "ज्याच्या घराला दार नाही त्याला कुलपाची सक्ती करायची? त्याचं टपाल बंद करून त्याला सुरक्षित करणार का?" असं ती फोनवर पुष्करला म्हणत होती, अंगणातून जिन्यापर्यंत आणि जिन्यापासून अंगणापर्यंत फेऱ्या घालत. मला तिचं पटत होतं. अजूनही अर्धं पटतं.

मग सोमवारी शिवकन्या आली.

शिवकन्या माझ्या शाळेतली जुनी विद्यार्थिनी. घरी शेळ्या-मेंढ्या, बाप रानोमाळ, तरी पोरगी शिकली, आणि आता बसस्टँडमागे एका खोलीत बायकांचं मदत केंद्र चालवते. नवऱ्याने मारलेली, सासरने हाकललेली अशी कुणी आली की तिला थारा मिळवून द्यायचा, हे तिचं काम. पुण्याच्या एका संस्थेचा तिला आधार आहे. पत्रव्यवहार त्यांच्याशी. ते टपाल असतं पुण्याच्या सर्व्हरवर; वाचायला मात्र अबोलीने तिला सांगावा लावून दिला होता, इथेच, शिवहारच्या सर्व्हरवर. शिवहारचं स्टेशन रोडला कॉम्प्युटरचं दुकान आहे आणि मागच्या खोलीत ते यंत्र घरघरत असतं.

शिवकन्येने सीताफळांची पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "बाई, तुमच्या अबोलीताईमुळं एक लेकरू अन् त्याची माय सुखानं दोन घास खाऊन राहिली."

अबोली सीताफळ फोडत होती. खूश झाली. "असं काय केलं मी?"

"जवळा बाजारकडची बाई हाय. नाव न्हाई सांगत. नवरा लई मारायचा. तिला लांब नेऊन ठिवली. पण तकलीफ अशी, नवरा कंप्युटरवाला. शिवहारभाऊच्या दुकानात बसतो न्हाई का, अंगद, तोच. फोन कुठून लागला, कोण कुठं हाय, त्याला समदं काढता येतं. म्हणून मी फोनवर त्या बाईचा एक शब्द बोलत न्हाई. पुण्याच्या मॅडमला लिहायचं ते तुमच्या सांगाव्यातूनच. ते हिरवं कुलूप बंद दिसलं की मगच लिहिते. गाव, घर, लेकराची अंगणवाडी, समदं बिनघोर लिहिते."

अबोलीच्या हातातलं सीताफळ तसंच राहिलं. "छान," ती म्हणाली. एवढंच. शिवकन्या गेली तेव्हा तिला दारापर्यंत सोडायलाही उठली नाही. मला वाटलं, पित्त झालं असेल.

त्या संध्याकाळी शिवकन्येचा फोन आला की सांगावा उघडत नाही, 'देखभालीसाठी बंद' असं येतंय. "हो, थोडं काम काढलंय, होईल चालू," अबोली म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता कुलपं अंगणात आली.

अकरा वाजता मी तिच्यासमोर पाट घेऊन बसले आणि तिच्या हातातलं कुलूप काढून घेतलं. "बोल."

तिने सांगितलं. शिवहारच्या सर्व्हरवर ते एक्स्टेन्शन कधीच नव्हतं. सहा वर्षं ती त्याला म्हणत होती, तो बघू म्हणत होता. म्हणजे शिवकन्येचा पासवर्ड त्या जुजबी युक्तीवर, किल्ली शेजारी. शिवकन्या काम झालं की बाहेर पडायचं बटण दाबत नाही, फोन नुसता पिशवीत टाकते, त्यामुळे फाइल तशीच पडून राहते. सर्व्हरचा पासवर्ड दुकानात यंत्राशेजारी पुठ्ठ्यावर लिहिलेला. आणि त्या यंत्रासमोर रोज सकाळी दहाला अंगद येऊन बसतो.

"आणि ते हिरवं कुलूप?" मी विचारलं.

ती जमिनीकडे बघत राहिली. "ते चित्र आहे, आत्या. नुसतं चित्र. सुरुवातीला लोक पासवर्ड टाकायला घाबरायचे. म्हणून मी चौकटीशेजारी एक बंद कुलूप काढलं. एक्स्टेन्शन असो, नसो, ते दिसतंच."

मला राग आला, आणि मी तो गिळला नाही. मी म्हटलं, "अंगदचं कालपासून तुला माहीत आहे. काल ती इथे बसली होती, तुझ्यासमोर. आणि तू तिला देखभाल म्हणालीस?"

"आधी दुरुस्त करते, मग सांगते. आधी सांगितलं तर कोण विश्वास ठेवेल सांगाव्यावर? इतक्या वर्षांचं काम..."

"हे दुसरं चित्र काढलंस तू."

ती रडली नाही. ती रडत नाही, कुलपं काढते. मग मी तिला पेटीची उरलेली गोष्ट सांगितली. ती आमच्या घरात कुणी सांगत नाही, कारण बुवांना तिची लाज वाटायची. एकदा मुक्कामाला उतरलेलं एक जोडपं पुढे परभणीला दवाखान्यात निघालं. बाईच्या अंगावर असेल-नसेल ते सोनं तिने फडक्यात बांधलं आणि बुवांना म्हणाली, एवढं थोर कुलूप आहे, आमचं गाठोडं पेटीत ठेवा. बुवांना किल्लीचं सांगायला हवं होतं. जीभ उचलली नाही. देवाच्या पेटीला कुलूप नावापुरतं आहे असं कसं सांगायचं? ठेवून घेतलं. आणि मग आठ दिवस त्या पेटीजवळून हलले नाहीत. जेवण तिथेच. त्या आठ दिवसांत त्यांच्या सख्ख्या बहिणीचं लग्न लागलं, कळमनुरीला, आणि बुवा गेले नाहीत. आत्याबाई मरेपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

"देवाचं गेलं असतं तर देवाने बघितलं असतं," मी म्हटलं. "दुसऱ्याचं गाठोडं कुलूप बघून आत आलं की किल्लीचं सांगावं लागतं. नाहीतर आयुष्यभर पेटीवर बसून राहा."

ती उठली, हात धुतले. कुलपं तशीच उघडी टाकून आम्ही दोघी रिक्षाने शिवकन्येच्या केंद्रावर गेलो.

शिवकन्येने सगळं ऐकून घेतलं. तिच्या टेबलावर रजिस्टर होतं, ते तिने मिटलं.

"कवापासून असं हाय?"

"पहिल्या दिवसापासून," अबोली म्हणाली.

"त्यानं वाचलं का?"

"सांगता येत नाही. कुणी ती फाइल उघडली तर नोंद राहील, अशी सोय मी केलीच नव्हती."

शिवकन्या उठून खिडकीशी गेली. बाहेर कंडक्टर वसमत वसमत ओरडत होता. मग ती म्हणाली, "ताई, कुलूप नसतं तरी चाललं असतं मला. मी एसटीनं पुण्याला जाऊन तोंडानं सांगितलं असतं. नव्हतं तर काहून दाखवलं?"

शिवकन्येने पिशवी उचलली; त्या बाईला हे आजच कळवायला हवं होतं.

तासाभरात आम्ही तिघी सेनगावच्या गाडीत होतो. शिवकन्या आम्हाला नेणार नव्हती. मीच म्हटलं की हिने स्वतःच्या तोंडाने त्या बाईला सांगितलं पाहिजे. वाटेत अबोली सारखी मागे वळून बघत होती. मोटारसायकल मागून आली की तिचा हात माझ्या मनगटावर यायचा. मोटारसायकलवर दुधाचे कॅन असायचे, नाहीतर नवरा-बायको-लेकरू. सेनगावहून काळीपिवळी जीप धरली आणि साखऱ्याला उतरलो.

ती बाई म्हणजे साधना. गावाचं नाव आता सांगायला हरकत नाही, का ते पुढे येईलच. मावशीकडे राहत होती. मावशी सिंधूबाई, दहा-बारा शेळ्या आणि कोरडवाहू दोन एकर. आम्ही गेलो तेव्हा साधना गोठ्यात शेळीच्या पिल्लांना पाजत होती. वय सव्वीस-सत्तावीस. डाव्या भुवईवर जुनी खूण. चार वर्षांची मुलगी एका करडाला मांडीवर घेऊन बसली होती.

अबोली गोठ्याच्या तोंडाशी उभी राहून बोलली. मघापेक्षा कमी शब्दांत, कारण शब्द संपत आले होते. "तुमचा पत्ता जिथे लिहिला होता तिथे कुलूप आहे असं मी दाखवलं होतं. ते नव्हतं."

साधनेने तिच्याकडे पाहिलं. "तुमी कोण?"

"ते मी तयार केलंय."

"त्यानं वाचलं असंल का?"

"माहीत नाही."

साधनेने करडू खाली सोडलं आणि हात लुगड्याला पुसले. "मंग मी निघते. माहीत न्हाई म्हंजी वाचलंच, असं धरून जगायची सवय हाय मला."

सिंधूबाई संतापली. तिला संतापायचा हक्क होता. "आत्ता कुठं लेकरू अंगणवाडीत रमाय लागलं. शेळी व्यायली, दोन दिस झाले न्हाई. पुन्हा कुठं नेऊन राहिल्या तुमी तिला?" मी तिला समजावायला गेले तर मलाही चार सुनावल्या. मुलगी करडाला सोडेना. साधनेने तिची बोटं एकेक करून सोडवली. सामान एका पोत्यात मावलं. ते पोतं अबोलीने उचललं आणि जीपपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

साधनेला नंतर कुठे ठेवलं ते मी लिहिणार नाही. मला माहीतही नाही. शिवकन्येने आम्हाला सेनगावला उतरवलं आणि ती मायलेकींना घेऊन पुढे गेली. साखऱ्याला आता ती नाही, म्हणून तेवढं गावाचं नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही शिवहारच्या दुकानात गेलो. काउंटरवर अंगद होता. मी त्याला पहिल्यांदाच नीट पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, एका म्हाताऱ्याच्या आधार कार्डाचं काम करत होता, शांतपणे, न चिडता. "बसा ताई," असं म्हणून त्याने अबोलीला स्टूल पुढे केलं. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मीही पाहिलं. काही कळत नव्हतं. माहीत असलेल्या माणसाचं तोंडही असंच असतं आणि माहीत नसलेल्याचंही. अबोली स्टुलावर बसली नाही.

मागच्या खोलीत शिवहारचं नेहमीचं सुरू झालं. "ताई, चालू गाडीचं बॉनेट काहून उघडायचं? एक्स्टेन्शन टाकाय गेलो अन् दुसऱ्यांच्या साइट बंद पडल्या तर माझ्या दारात शंभर माणसं. तुमचं बराबर हाय, पण बघू, बघू दिवाळीनंतर."

"दिवाळी झाली," मी म्हटलं, आणि यंत्राशेजारचा पासवर्डाचा पुठ्ठा ओढून काढला आणि पिशवीत टाकला. "नवा पासवर्ड ठेव. डोक्यात ठेव," मी म्हटलं.

घरी आल्यावर अबोली सरळ वर गेली आणि पुष्करला आणि बाकीच्या दोन जोडीदारांना लिहिलं. सक्ती करायची. एक्स्टेन्शन नसेल तर सांगावा चालू होणार नाही, आणि ही अट टाळायची पळवाट ठेवायची नाही. पुष्करचा लगेच फोन. आता तोच डळमळला होता. फोनचा आवाज मोठा ठेवायची तिची सवय असल्याने मला खालपर्यंत ऐकू येत होतं. तो म्हणत होता, एकदम बंद नको, इशारा देऊ. लावताना ठळक अक्षरांत लिहू की हे सुरक्षित नाही.

"इशारा लावणाऱ्याला दिसतो," अबोली म्हणाली. "वापरणारीला दिसत नाही. शिवहार 'ठीक आहे' दाबतो आणि चहाला जातो."

"मग वापरणाऱ्याला दाखवू. कुलूप उघडं दाखवू."

"ती काय करेल उघडं कुलूप बघून? तिच्या हातात काय आहे? लिहिणं सोडेल, नाहीतर दोन दिवसांनी बघायचं सोडेल."

"लोक तुटतील, अबोली. तूच म्हणायचीस."

"हो," ती म्हणाली. "तुटतील." आणि फोन ठेवल्यावर कुंड्या हलवायला गच्चीवर गेली.

आठवड्याने नवी आवृत्ती निघाली. शिवहारच्या यंत्रावर मदत केंद्राखेरीज एक कॉलेज आणि एक वाचनालय सांगावा वापरत होतं. दोघांनी नवी आवृत्ती चढवली आणि दोघांचं टपाल ठप्प झालं. दुपारी तीन वाजता शिवहार आमच्या ओसरीवर, घामाघूम. कॉलेजच्या प्राचार्यांनी त्याला काय काय म्हटलं होतं ते त्याने सगळं आम्हाला परत म्हटलं. अबोलीने त्याच्यासमोर लॅपटॉप ठेवला. "इथून टाकता येतं ना? टाका."

मी चहा ठेवला. चहाला उकळी यायच्या आत त्याने मान वर केली. "झालं."

"झालं म्हणजे?"

"बसलं एक्स्टेन्शन. साइटी पण समद्या चालू हायेत."

अबोली त्याच्याकडे बघत होती. तिचा आवाज बारीक झाला. "एवढंच होतं? मग सहा वर्षं का नाही केलंत, शिवहारभाऊ?"

शिवहार ओशाळला, पण खोटं बोलला नाही. "तुमच्याच कागदात लिहिलं व्हतं ना ताई, 'असलं तर बरं'. बरं म्हटल्यावर कोण करतो? आता 'असलंच पाहिजे' म्हटलं, केलं."

त्या वेळी माझी भाची जिन्याच्या पायरीवर बसली आणि रडली. शिवहार चहा न पिता गेला.

हे सगळं इथे संपलं असतं तर मी लिहायला घेतलंच नसतं. पण पत्रं यायला लागली. साताऱ्याकडच्या डोंगरातले एक मास्तर, त्यांनी लिहिलं की तुमच्या कुलपापायी आमचं दार बंद झालं, सर्व्हरवाला हात वर करतो, पोरांच्या शिष्यवृत्तीचं टपाल अडकलं. अबोलीने त्यांच्याशी तीन दिवस फोनवर बसून दुसरीकडे सोय लावून दिली. अशा कित्येकांची लावली. कंपनीचं काम मागे पडलं, डोळ्यांखाली काळं आलं, जेवताना पाय हलत राहायचा. तरी काही ठिकाणं सुटली. अकरा संस्था जुन्या आवृत्तीवर परत गेल्या, कारण ती चालते. तिथे ते हिरवं कुलूप अजून बंद दिसतं, आणि आता ते काढणं तिच्या हातात नाही. दर सोमवारी ती त्या अकरांना पत्र लिहिते. दोघांनी उत्तर दिलं, की त्रास देऊ नका.

अंगदने वाचलं होतं का, ते आजपर्यंत कळलेलं नाही. साखऱ्याला कुणी चौकशीला गेलं नाही, असं सिंधूबाई म्हणते. म्हणजे साधनेला उगाच उठवलं, की वेळेवर उठवलं? अबोली मला हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी विचारते, कधी पोळी लाटताना, कधी बाजारात वांगी निवडताना. मी म्हणते, वेळेवर. ती म्हणते, तुला काय माहीत? आणि मला काय माहीत, हे खरंच आहे.

परवा शिवकन्या आली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. ओसरीवर बसली, माझी विचारपूस केली, लेकराला गोवर आला होता तो आता बरा आहे असं सांगितलं. कुणाच्या लेकराला, ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मग अबोलीने धीर करून विचारलं, सांगावा वापरता का आता?

"वापरते की. मीटिंगच्या तारखा लिहिते, फोटो पाठवते."

"आणि पत्ते?"

"पत्ते मी जाऊन सांगते. एसटी हाय."

"शिवकन्याताई, आता खरं आहे ते," अबोली म्हणाली. घाईघाईने म्हणाली, जसं लहानपणी चूक कबूल करताना म्हणायची. "मी चार जणांकडून तपासून घेतलंय. आता फाइल कुणाला मिळाली तरी उपयोग नाही. खरंच."

शिवकन्येने पिशवीतून फोन काढला, सांगावा उघडला आणि अबोलीपुढे धरला. पासवर्डाच्या चौकटीशेजारी हिरवं कुलूप होतं, बंद.

"तवाबी असंच दिसत व्हतं, ताई," ती म्हणाली. रागाने नाही म्हणाली. फोन परत पिशवीत टाकला, माझ्या पाया पडली आणि गेली.

अबोली वर गेली. मला वाटलं आता कुलपं निघणार, नाहीतर डाळीचा डबा. काहीच निघालं नाही. तासाभराने खाली आली तेव्हा म्हणाली, सांगाव्यातलं ते चित्र काढून टाकलं. पुष्करने विचारलं होतं की लोक विचारतील कुलूप कुठे गेलं, त्या जागी काय घालायचं.

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, काही घालू नको. विचारू देत."